सुट्ट्यांची पंगत

सोलापुरात त्या काळी घड्याळ ही हौस होती. गरज भोंग्याने भागत असे. पहाटेच्या पहिल्या भोंग्याला गिरणीची माणसे उठत, दुसऱ्याला वाटेला लागत, तिसऱ्याला आत असत. भोंगा गिरणीचा असला तरी तो पाळत सगळे गाव होते. नवी पेठेतले कापडवाले त्याच्यावर दुकानाच्या फळ्या काढत, बाया त्याच्यावर चूल पेटवत, आणि आमच्या गल्लीतले एक निवृत्त कारकून, ज्यांना कुठेही जायचे नव्हते, तेही त्याच्यावर दाढी करीत. संध्याकाळचा भोंगा झाला की लोक म्हणत, "गिरणी सुटली." मग कचेरी सुटे, शाळा सुटे, पेढ्यांवरचे गुमास्ते सुटत. संध्याकाळी या गावात जो तो कुठून तरी सुटून येत असे. मी गिरणीच्या हपिसात हजेरीपत्रके लिहीत होतो तेव्हा मीही रोज सुटत होतो. त्यात काही सुख आहे हे ते गेल्यावर कळले.

नोकरी सोडायला कारण झाली मंगलाष्टके. वरवधूंची नावे गुंफलेली मंगलाष्टके गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटायची तेव्हा फार चाल होती, आणि ती मी रचून देत असे. वाचन बरे होते, वृत्ते हाताखालची होती, आणि माणसाला आपले नाव यमकात ऐकायला आवडते हा शोध मला लवकर लागला होता. त्या वर्षी वैशाखज्येष्ठात इतकी लग्ने निघाली की हजेरीपत्रकाखाली दडवलेले माझे काम हजेरीपत्रकापेक्षा जाड झाले. घरी विचारायला कोणी नव्हते. पत्नी दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती, मूलबाळ नव्हते. ज्येष्ठ सरता सरता मी राजीनामा लिहिला. तो माझ्या आजवरच्या गद्यातला सर्वांत सुरेख नमुना होता. पुढे कळले की तो कोणी शेवटपर्यंत वाचलाच नाही.

तो गेला होता दादाच्या हातात. माझा थोरला भाऊ त्याच हपिसात हेडक्लार्क होता. संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला आणि चपला न काढता दारातच उभा राहिला.

"सोडलीस?"

"सोडली."

"मग आता?"

"मंगलाष्टके आहेत. मानपत्रे आहेत. लोकांना जे लागेल ते लिहून देईन. स्वतःच्या वेळाने."

दादाने भिंतीवरच्या खिळ्याचे पंचांग काढले, दोन पाने उलटली आणि माझ्या नाकासमोर धरले. "विद्वान माणसा, देव झोपायला निघालेत."

आषाढी एकादशीला देव झोपतात, कार्तिकीला उठतात, आणि मधल्या चार महिन्यांत लग्न लागत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मलाही होतेच. पण ठाऊक असणे आणि त्या वेळी आठवणे या दोन गोष्टी निराळ्या. संस्कृत काव्यातली मेघांची वर्णने मला पाठ होती. त्या मेघांखाली मुहूर्त नसतात, एवढेच सुचले नव्हते.

दादा खाली बसला. "राजीनामा मी पुढे पाठवलेला नाही," तो म्हणाला. "बिनपगारी रजा म्हणून ठेवतो. तुझ्या जागेवर बदली माणूस बसेल. दिवाळीनंतर गिरणी उघडेल त्या दिवशी भोंग्याला तू आत असलास तर जागा तुझी. नसलास तर बदलीची. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

"आणि मधले चार महिने?"

"ते तुझ्या हातात," दादा म्हणाला. त्याला विनोद करायची सवय नव्हती, त्यामुळे हा विनोद होता की नाही ते मला आजही सांगता येत नाही.

म्हणजे दिवाळीपर्यंत मला एवढेच ठरवायचे होते की आपल्याला आपल्या जोरावर काम करून राहता येते की नाही. हा प्रश्न पैशाचा असेल असे मी धरून चाललो होतो. पैसा कमी पडला हे खरे, पण त्याची सवय होती. अडले ते दुसरीकडेच.

पहिल्या सकाळी भोंगा झाला आणि मी सवयीने उठून कोट चढवला. गुंड्या लावून झाल्यावर आठवले. कोट उतरवून मी खिडकीशी बसलो. खाली गल्लीतून माणसे चालली होती, डबे वाजत होते, कोणी तेलुगूत कोणाला शिव्या देत होते, कोणी खाकरत होते. पुढच्या भोंग्याला गल्ली रिकामी झाली. खालच्या घरात हातमाग सुरू झाला. माझ्यापुढे सबंध दिवस होता आणि त्याला कुठेही कडी नव्हती की जिला धरून तो उघडावा.

तेव्हा मी शहाण्या माणसाप्रमाणे वेळापत्रक केले. तांबड्या शाईने चौकट आखली, चौकटीला वेलबुट्टी काढली, मथळा सजवला. सकाळी काव्यलेखन, मग ग्रंथवाचन, मग भोजन, वामकुक्षी, पत्रव्यवहार, गिऱ्हाइकांच्या भेटी, सायंकाळी फेरफटका. एखाद्या संस्थानिकाच्या दिनक्रमात शोभावे असे ते काम झाले. ते करण्यात दोन दिवस गेले आणि ते दोन दिवस उत्तम गेले, कारण मला काम होते. तिसऱ्या दिवशी ते भिंतीवर लावून मी त्याप्रमाणे वागायला बसलो. काव्यलेखनाच्या वेळी कोणाचे लग्न नव्हते. पत्रव्यवहाराच्या वेळी पत्र नव्हते. भेटीच्या वेळी भेटायला कोणी नव्हते. वामकुक्षी मात्र वेळापत्रकाप्रमाणे झाली, किंबहुना थोडी पुढेही गेली.

पुढे पुढे मी एक युक्ती काढली. लग्ने नसली तरी मंगलाष्टके रचायला कोणाची ना नव्हती. मी नावांच्या जागा मोकळ्या सोडून श्लोक करून ठेवू लागलो. इथे दोन अक्षरांचे भोक, तिथे तीन अक्षरांचे, तेही पहिले अक्षर लघू असलेले. कार्तिकात गिऱ्हाईक आले की नाव ठोकून द्यायचे. शार्दूलविक्रीडितात राधा बसते, राधाबाई बसत नाही. इंदिरा बसते, इंदिराबाई बसत नाही. वृत्तात शिरताना बायकांना बाईपण उंबऱ्याबाहेर ठेवावे लागे. एका वरपित्याला मी मागे सांगितलेही होते की सासरी नाव बदलायचेच आहे, तर वृत्तात बसेल असे ठेवा. त्यांना ते पटले होते आणि त्या मुलीचा जन्म माझ्या सोयीने यमुना या नावाखाली गेला असेल.

असे श्लोक चांगले पन्नासएक झाले. त्यांच्यात चंद्र होता, सूर्य होता, गौरीहर होते, सगळे देव रांगेने आशीर्वाद द्यायला उभे होते. फक्त लग्न करणारी दोन माणसे नव्हती. संध्याकाळी दिवा लावून मी ते चालीवर म्हणून बघत असे आणि नावाच्या जागी नुसता हुंकार भरत असे. "कुर्यात सदा मंगलम्" म्हटल्यावर अक्षता टाकायला खोलीत कोणी नसे.

आता कोणी म्हणेल, घरी बसलेल्या माणसाला सोबतीचा काय तोटा? तोटा नव्हता. माझ्याकडे माणसे येत. पण ती सगळी एकाच शब्दावर येत. "तुम्ही काय, मोकळेच आहात!" गल्लीत एखाद्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचे असले की मी मोकळा होतो. कोणाचे दुकान जेवणापुरते सांभाळायचे असले की मी मोकळा होतो. दादाच्या सासुरवाडीची माणसे केमला असत. त्यांच्यातले कोणी आगगाडीने यायचे असले की वहिनी निरोप धाडी, भावोजींना स्टेशनावर जायला सांगा, ते मोकळे आहेत. मी जाऊन फलाटावर बसे. एकदा तर पाहुणे आलेच नाहीत. उद्या येणार होते आणि निरोपात वार चुकला होता. वहिनी हळहळली आणि म्हणाली, "बरं झालं बाई तुम्ही गेलात. ह्यांचा रजेचा दिवस गेला असता."

कुठल्याही अंत्ययात्रेत खांदा द्यायला मला धरलेलेच असे. खांदा देणारे बाकीचे तिघे घाईत असत, कारण त्यांना भोंग्याच्या आत परतायचे असे. मी एकटाच असा होतो की ज्याला मेलेल्या माणसाइतकीच सवड होती.

लोकांची चूक नव्हती. मी काम करतो हे कोणाला दिसणार कसे? सुताराचा ठोका ऐकू येतो, मागाची खटखट ऐकू येते. श्लोक करणारा माणूस बाहेरून बघितला तर भिंतीकडे बघत बसलेला दिसतो, आणि आतून बघितला तरी पुष्कळदा तेच असते.

जेवण मी नवी पेठेच्या मागच्या बोळातल्या खानावळीत घेत असे. बाई मोडनिंबकडची, विधवा, थोराड हाडाची. तिच्या हातची भाकरी आणि शेंगाची चटणी मला घरच्या स्वयंपाकाच्या आठवणीपासून लांब ठेवी, म्हणून मला ती आवडे. दादाला ती खानावळ पसंत नव्हती. "कुणाच्याही हातचं खातोस," तो म्हणे. सोवळ्यातली खानावळ गावात होती, पण तिथे लोक जेवताना एकमेकांच्या गोत्राची चौकशी करीत. बाई फक्त भाकऱ्या मोजत असे.

तिच्याकडे दोन पंगती होत. एक कचेरीची, एक गिरणीची. कचेरीच्या पंगतीत कोर्टाचे, मामलेदार कचेरीचे, म्युनिसिपालटीचे कारकून बसत आणि आपापल्या साहेबांची नक्कल करीत. गिरणीच्या पंगतीत कामगारांवरचे जॉबर, टाइमकीपर, आमच्या हपिसातले लोक असत. ती पंगत मोठ्याने जेवे, कारण दिवसभर यंत्रांत राहून सगळ्यांना ओरडून बोलायची सवय झालेली. मी वर्षानुवर्षे गिरणीच्या पंगतीला बसत होतो. माझा पाट भिंतीकडून तिसरा. नोकरी सोडल्यानंतर आठवड्याभराने मी गेलो तर तिसऱ्या पाटावर बदली बसला होता. बार्शीकडचा, गरीब चेहऱ्याचा माणूस. मला बघून तो घास हातात घेऊन उठू लागला.

"बसा, बसा," मी म्हणालो.

टाइमकीपर ओरडला, "अहो कवी! तुमची काय घाई आहे? तुम्ही मागून निवांत जेवा की! आम्हाला भोंगा आहे."

पंगत हसली. त्यात दुष्टपणा नव्हता. मी बाहेर ओट्यावर बसलो. दुसऱ्या दिवशी मी कचेरीच्या पंगतीला गेलो. तिथे एका म्युनिसिपल कारकुनाने मला विचारले, "आपण कुठल्या खात्यात?" मी म्हणालो, "मंगलाष्टकांच्या." त्याने मान डोलावली आणि सरकून शेजाऱ्याशी बढतीविषयी बोलू लागला.

तेव्हापासून मी दोन्ही पंगती उठल्यावर जाऊ लागलो. बाई पाट उचलून भिंतीला टेकवत असे तेवढ्यात मी पोचे.

"मास्तर, लई उशीर केलासा की," ती म्हणे. लिहिणाऱ्या कोणालाही ती मास्तर म्हणायची.

"कामात होतो."

"व्हय? कंच्या?"

मी हात धुवायला वळे. ती एक पाट पुन्हा मांडी, विझत आलेल्या चुलीवर भाकरी उलटीपालटी करी आणि वाढून अंगणात भांडी घासायला जाई. मी भिंतीकडे तोंड करून जेवे. मी किती जेवलो, का जेवलो नाही, भाजी खारट होती की काय, हे विचारायला दोन्ही बाजूंना रिकाम्या जागा असत. नोकरीत असताना मला वाटत असे की पंगतीतली बडबड ही जेवणाची अडचण आहे.

भाद्रपदात मला पहिले मोठे काम मिळाले. गावातल्या एका धनिकाला सरकारने रावसाहेब ही पदवी दिली होती आणि त्याबद्दल त्यांना मानपत्र द्यायचे होते. त्यासाठी चौघांची समिती माझ्या खोलीवर आली. खोलीत एकच खुर्ची असल्याने समितीचे अध्यक्ष खुर्चीवर बसले, चिटणीस माझ्या ट्रंकेवर आणि दोघे सभासद उभे राहिले.

"मानपत्र उद्या सकाळपर्यंत हवं," अध्यक्ष म्हणाले.

"समारंभ कधी आहे?"

"ते अजून ठरायचंय."

ही गिऱ्हाइकाची घाई मला नवी होती. मालकाने घाई केली तर ती घाई मालकाची असते, आपण हळूहळू करतो. गिऱ्हाइकाची घाई सरळ आपल्या घरात येऊन ट्रंकेवर बसते. मी जागून लिहून काढले आणि सकाळी वाट बघत बसलो. समिती आली तीन आठवड्यांनी.

मग विशेषणांचा प्रश्न निघाला. मी "दानशूर" लिहिले होते. एका सभासदाचे म्हणणे, रावसाहेबांनी आजवर स्टेशनाजवळ एक बाक बसवला आहे, त्याला शूर म्हणता येईल का? दुसरा म्हणाला, रावसाहेबांनी खिशात हात घातला याला शौर्यच लागले असणार. अध्यक्षांनी तोडगा काढला की "दानशूर" ठेवावे आणि आधी "विद्याविलासी" घालावे, म्हणजे लोकांचे लक्ष तिकडे जाईल. रावसाहेब सही सावकाशीने करीत, एवढा त्यांच्या विद्येचा विलास मला माहीत होता. मी घातले. माझे काम माझ्या वेळाने चालावे म्हणून मी नोकरी सोडली होती आणि आता चौघांच्या वेळाने एका पाचव्याची खोटी स्तुती करीत होतो. हे हजेरीपत्रकापेक्षा वेगळे होते ते एवढ्यापुरतेच की हजेरीपत्रकात गैरहजर माणसाला गैरहजर लिहायची मुभा असे.

समारंभ अखेर आश्विनात झाला. मानपत्र रेशमी कापडावर छापून चांदीच्या करंडकात घातले होते. गावातली निम्मी पागोटी जमली होती. रावसाहेब दोन तास उशिरा आले, कारण वेळेवर येणे पदवीला शोभले नसते. मी मागे खांबापाशी उभा होतो. चिटणिसांनी मानपत्र वाचले, आणि वाचलेही चांगले. त्यात एक वाक्य होते, रावसाहेबांच्या दिवंगत मातोश्रींना आजचा दिवस बघायला मिळता तर, असे काहीतरी. असे वाक्य प्रत्येक मानपत्रात लागते. ते ऐकताना रावसाहेबांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. त्यांनी उपरण्याने डोळे टिपले.

ते वाक्य माझे होते, आणि त्या सबंध समारंभात तेवढे एकच खरे निघाले. मला ते कोणाला तरी सांगायचे होते. मोठे काही नाही. शेजारच्या माणसाला कोपराने ढोसून "ते वाक्य बघितलंत?" एवढेच म्हणायचे होते. शेजारी खांब होता.

सभा सुटली. माणसे दोघादोघांनी, चौघाचौघांनी बोलत गेली. अध्यक्ष जाताना म्हणाले, "छान झालं बरं का, चिटणीस फार छान बोलले." मी दिवेलागणीला खानावळीकडे वळलो. पहिल्यांदा मनात स्वच्छ आले की दिवाळीनंतर गिरणीत जावे. काम मला जमत होते. गिऱ्हाईक मिळणार होते. पण काम झाल्यावर "झालं" असे ज्याला म्हणावे तो माणूस कुठून आणायचा? मी दिवसभर बांधलेला नव्हतो, म्हणून संध्याकाळी सुटतही नव्हतो. रात्री अंथरुणावर पडलो तरी मी अजून कामावरच असे, आणि सकाळी कामावर बसलो तरी अजून अंथरुणातच.

खानावळीत त्या संध्याकाळी निराळाच प्रकार होता. दोन्ही पंगती उठून गेल्या होत्या आणि बाई अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्यासमोर दोन माणसे होती. एक बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा, काळी पिशवी घेऊन घरोघर हिंडणारा. दुसरा तेलुगू, लुगड्याच्या काठांची नक्षी कागदावर काढून मागवाल्यांना विकणारा. दोघांनाही मी येताजाता पाहिले होते. मी उठून जाताना कधी एक आत शिरत असे, कधी मी आत शिरताना दुसरा हात धूत असे.

"आलं, तिसरं बी आलं," बाई म्हणाली. "आता ऐका. कचेरीची पंगत एकदा जेवती, गिरणीची एकदा जेवती. तुमी तिघं तीन टायमाला येताय आन् माजी चूल तीनदा पेटतीय. लाकडं काय माज्या बापानं मोडनिंबास्नं धाडल्यात का?"

पेटीवाला म्हणाला, "बाई, आमचं काम कधी संपेल सांगता येत न्हाय."

"संपतंय कशाला? माजं संपतंय व्हय?" बाई म्हणाली. "मी परात बडवीन. दुपारी येकदा, सांजच्याला येकदा. परात वाजली की सुट्ट्यांनी येऊन बसायचं. न्हाय आलं तर गार भाकरी."

"सुट्टे कोण?" नक्षीवाल्याने विचारले. त्याचे मराठी मोजके होते.

"तुमीच की! मोडीसारकं सुट्टं. ना ह्या गड्डीत, ना त्या गड्डीत."

मोड म्हणजे सुटे पैसे. नक्षीवाल्याने मला विचारले, आणि मी त्याला सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "चांगलं हाय. मोड सगळ्यांना लागती." त्या संध्याकाळी तो एवढेच बोलला.

बाईने तीन पाट एका रांगेत मांडले. आम्ही बसलो. मी सांगायला हवे की त्या पंगतीत मौज अशी नव्हती. पेटीवाल्याला बोलण्यापेक्षा ऐकायची सवय होती, आणि तीही सुरांची. नक्षीवाला ताटात भाताच्या कडेने आमटी अशी ओतायचा की तिचा काठ तयार होई, मग तो काठ न मोडता जेवायचा. मी माझ्या वाक्याचे त्यांना सांगितले नाही. तिघे तीन दिशांना बघत एका रांगेत जेवलो. पण उठताना पेटीवाला म्हणाला, "चला, झालं." आणि मीही म्हणालो, "झालं." किती दिवसांनी, ते पंचांगात बघावे लागले असते.

परात दुसऱ्या दिवसापासून वाजू लागली. माझ्या खोलीपर्यंत तिचा आवाज येत असे, पितळेचा, थोडा तडकलेला. भोंग्यापुढे तो काहीच नव्हता. पण भोंगा गावासाठी होता आणि परात तिघांसाठी. पहिल्याच दुपारी परात वाजली तेव्हा माझी एक ओळ अर्धी होती. मी टाक खाली ठेवला आणि उठलो. ओळ अर्धी टाकून उठता येते, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. वेळापत्रकात तशी सोय नव्हती. ते वेळापत्रक मी काढून त्याच्या पाठीवर श्लोक केले.

दिवाळीत मी दादाकडे होतो. फराळाला बसल्यावर दादाने विषय काढला.

"परवा गिरणी उघडते. ठरलंय ना?"

"ठरल्यासारखंच आहे," मी म्हणालो. आणि खरोखर तसेच होते. पंगतीने जीव थोडा थाऱ्यावर आला होता, पण तीन माणसांच्या मुक्या पंगतीवर आयुष्य टांगावे असे मला वाटत नव्हते. दादाच्या घरी पोरांचा गलका होता, वहिनी वाढत होती, आणि नोकरीच्या आधाराने आपलेही असे एखादे घर असावे असे मला वाटू लागले होते.

"कुठे जेवतोस हल्ली?" वहिनीने विचारले.

"तिथेच. सुट्ट्यांच्या पंगतीला."

दादा म्हणाला, "सुट्ट्या कसल्या? दिवाळीच्या? तिथे कारकुनांना सुट्टीत जेवायला घालतात?"

मी समजावून सांगायला गेलो, पण ती गोष्ट सांगण्याजोगी नव्हती. वहिनीने लाडू पुढे केला.

गिरणी उघडायच्या सकाळी पहिल्या भोंग्याला मी उठलो, दुसऱ्याला कोट घालून खाली उतरलो. थंडी पडली होती. चौफेर माणसे चालली होती, सगळी एका दिशेने, आणि त्यांच्यात शिरल्यावर ऊब आली. टाइमकीपरने पाठीवर थाप मारली. "आलात काय, कवी! आम्ही म्हणतच होतो!" बदलीही होता. तो रस्त्याच्या कडेकडेने चालला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मला चांगले वाटत होते. हे मी लपवणार नाही. चार महिन्यांत प्रथमच माझे पाय काही न ठरवता चालत होते.

बोळाच्या तोंडाशी बाई सडा घालत होती. आम्हाला बघून ती बादली धरून थांबली, म्हणजे पाणी कोणाच्या अंगावर जाऊ नये. माझा कोट तिने पाहिला.

"मास्तर, दुपारच्याला कंच्या पंगतीला धरू?" तिने विचारले. तिला पीठ मळायचे होते, दुसरे काही नाही. "गिरणीच्या का सुट्ट्यांच्या?"

टाइमकीपर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. माझ्याऐवजी तोच उत्तर देणार होता, तोंड उघडलेच होते. बाई माझ्याकडे बघत होती. गेल्या चार महिन्यांत कोणी मला असा प्रश्न विचारला नव्हता की ज्याला एका शब्दात उत्तर देता येईल.

"सुट्ट्यांच्या," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि पाणी शिंपडू लागली.

टाइमकीपरला ते ऐकून काय वाटले कोण जाणे. त्याला थांबायला वेळ नव्हता. माझ्या म्हणण्याचे मलाच आश्चर्य वाटत होते, आणि तिथल्या तिथे पाठ फिरवायची लाज वाटत होती, म्हणून मी गर्दीबरोबर तसाच आणखी थोडा गेलो. मग एका वळणावर चपलेचा अंगठा तुटल्यासारखे करून वाकलो. माणसे दोन्ही बाजूंनी निघून गेली. शेवटचा भोंगा झाला तेव्हा रस्त्यावर मी आणि एक गाढव एवढेच उरलो होतो. गाढवालाही कुठे जायचे नव्हते, पण ते माझ्यापेक्षा शांत होते.

दादा त्या संध्याकाळी आला नाही. पुढचे काही महिने आला नाही. बदली कायम झाला. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले होते, असे वहिनीने मुद्दाम सांगून पाठवले.

तुळशीचे लग्न झाले आणि माझ्या जिन्यावर पहिली पावले वाजली. वधूपिते आले होते, मुहूर्त चार दिवसांवर, नाव हवे होते ते अंबाबाई. कुलदेवीचे नाव, त्यात अक्षर इकडचे तिकडे चालणार नव्हते. एकापाठोपाठ चार गुरू. माझ्या पन्नास श्लोकांतल्या एकाही भोकात ते बसेना. मी ते सगळे बाजूला सारले आणि दुसऱ्या वृत्तात पहिल्यापासून लिहायला बसलो. सकाळी बसलो तो दुपारची परात होईपर्यंत, आणि मग पुन्हा. संध्याकाळी भोंगा झाला. गिरणी सुटली, कचेरी सुटली, खिडकीखालून माणसे बोलत बोलत घरी गेली. खालचा माग थांबला. मी लिहीत राहिलो. माझी परात अजून वाजायची होती.